लघुसंगणक आणि लिपी : एका विस्मृत यंत्राचा इतिहास

मुद्रणाच्या इतिहासाकडे मराठी साहित्याचे अभ्यासक आता पुष्कळ आस्थेने पाहू लागले आहेत. गणपत कृष्णाजींचा शिळाप्रेस, जावजी दादाजींचे निर्णयसागर, देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा टिळकांचा उद्योग हे विषय आज एम.ए.च्या वर्गातही चर्चिले जातात. वाङ्मयाचा इतिहास म्हणजे केवळ लेखकांचा आणि कृतींचा इतिहास नव्हे, तो लेखनसाधनांचाही इतिहास असतो, ही जाणीव या आस्थेमागे आहे. परंतु ही कथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊन पोहोचली की एकाएकी तुटते. खिळे गेले, जुळारी गेले, ‘आणि मग संगणक आला’, असे एक वाक्य लिहून आपण मोकळे होतो. जणू संगणक नावाची एकच वस्तू होती आणि ती एके दिवशी टेबलावर येऊन बसली.

प्रत्यक्षात खोली व्यापणारा प्रचंड संगणक आणि टेबलावरचा व्यक्तिगत संगणक यांच्या दरम्यान यंत्रांची एक आख्खी पिढी होऊन गेली. साधारणतः १९६० ते १९८५ हा तिचा काळ. इंग्रजीत तिला ‘मिनिकॉम्प्युटर’ म्हटले गेले; आपण तिला लघुसंगणक म्हणू. ही पिढी आज सर्वस्वी विस्मरणात गेली आहे. तथापि संगणकासमोर बसून मजकूर लिहिणे, तो खोडणे, पुन्हा मांडणे ही कृती सर्वसामान्य झाली ती याच यंत्रांवर. आणि यंत्राने लिपीपुढे नमायचे की लिपीने यंत्रापुढे, हा आपल्या दृष्टीने जिव्हाळ्याचा असलेला वादही याच काळात नव्याने उभा राहिला. म्हणून या यंत्राचा वृत्तान्त साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवणे आम्हांला अगत्याचे वाटते.

प्रथम नावाविषयी. ‘लघु’ हे विशेषण सापेक्ष असते. ज्या यंत्राला लघुसंगणक म्हटले गेले ते शीतकपाटाएवढे, कधी दोन-तीन कपाटांएवढे असे. ते लघु ठरले ते ज्याच्याशी तुलना होत होती त्या महाकाय यंत्रामुळे. या नावामागे एक आख्यायिकाही सांगतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन (यापुढे ‘डेक’) या कंपनीचा इंग्लंडमधील व्यवहार पाहणाऱ्या जॉन लेंग यांनी साठच्या दशकात, मिनिस्कर्टच्या आणि मिनी मोटारींच्या त्या देशातून पाठवलेल्या अहवालात आपल्या छोट्या संगणकालाही गमतीने ‘मिनी’ हे पद जोडले आणि ते रूढ झाले. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातून त्या काळाची हवा कळते. संगणक ही वस्तू प्रथमच थोडी खेळकर, थोडी हाताशी येणारी वाटू लागली होती.

त्यापूर्वीची स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय हा बदल उमगणार नाही. पन्नाशीच्या दशकातील मोठा संगणक काचेच्या वातानुकूलित खोलीत असे. ज्याला गणित सोडवायचे तो त्या खोलीत जात नसे. तो छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा खिडकीतून आत देई आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी छापील उत्तर घेऊन जाई. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर गठ्ठा परत, दिवस फुकट. यंत्राचा वेळ माणसाच्या वेळेपेक्षा महाग होता; म्हणून माणसाने थांबायचे, यंत्राने नाही. अशा व्यवस्थेत हिशेब होऊ शकतो. लेखन मात्र होऊ शकत नाही, कारण लेखन म्हणजे लिहिलेल्याकडे पाहून लगेच बदलत जाणे.

हा क्रम उलटवण्याच्या कामी ‘डेक’ कंपनीचा वाटा मोठा. केन ओल्सेन आणि हार्लन अँडरसन या दोन अभियंत्यांनी १९५७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, मेनार्ड या गावच्या एका जुन्या लोकर-गिरणीत ती सुरू केली. भांडवल होते ७०,००० डॉलरचे. संगणकाच्या धंद्यात तोटाच होतो अशी तेव्हा भांडवलदारांची समजूत होती; म्हणून कंपनीने आपल्या यंत्राच्या नावातून ‘कॉम्प्युटर’ हा शब्दच टाळला आणि त्याला ‘प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर’ म्हटले. त्याचेच संक्षिप्त रूप ‘पीडीपी’. पहिला पीडीपी-१ ग्राहकाच्या हाती १९६० मध्ये पडला. किंमत सुमारे १,२०,००० डॉलर. एकंदर ५३ यंत्रे बनली. त्यांपैकी एक एमआयटी या विख्यात संस्थेला मिळाले. तेथील संगणकवेड्या तरुणांनी त्यावर १९६२ मध्ये ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच सुमारास त्याच यंत्रावर त्यांनी मजकूर लिहिण्याची आणि दुरुस्त करण्याची एक आज्ञावली केली, हे तितकेसे ठाऊक नसते. तिचे नाव त्यांनी ठेवले ‘एक्स्पेन्सिव्ह टाइपरायटर’, म्हणजे महागडा टंकयंत्र. नावातला विनोद उघड आहे : लाखभर डॉलरचे यंत्र, आणि त्यावर टंकलेखकाचे काम! संगणकावर शब्द लिहिणे ही उधळपट्टी आहे, ही जाणीव त्या नावात आहे. आणि ती उधळपट्टी करण्यातला आनंदही आहे.

१९६२ मध्येच एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत वेस्ली क्लार्क यांनी ‘लिंक’ नावाचा छोटा संगणक तयार केला. जीवशास्त्राच्या संशोधकाला स्वतःच्या प्रयोगशाळेत, स्वतःच्या हाताने वापरता यावा हा त्यामागचा हेतू. या यंत्राच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या मेरी अ‍ॅलन विल्क्स यांनी १९६५ मध्ये ते बाल्टिमोरमधील आपल्या आईवडिलांच्या घरी ठेवून त्यावर काम केले. घरात बसून संगणकावर लिहिणारी पहिली व्यक्ती म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

लघुसंगणकाची खरी प्रतिष्ठापना झाली ती १९६५ साली आलेल्या पीडीपी-८ मुळे. किंमत १८,००० डॉलर. या कुळातील यंत्रे पुढे पन्नास हजारांहून अधिक खपली. त्याची स्मृती ४,०९६ शब्दांची होती. येथे ‘शब्द’ म्हणजे भाषेतला शब्द नव्हे, तर बारा बिटांचा एक कप्पा. हिशेब केला तर ही स्मृती ६,१४४ बाइट भरते. आज युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे पीडीपी-८ च्या मूळ स्मृतीत देवनागरीची बरोबर २,०४८ चिन्हे मावली असती : पुस्तकाचे एखादे भरगच्च पान, त्याहून अधिक नाही, आणि तेही आज्ञावलीसाठी तिळमात्र जागा न ठेवता. एवढ्याशा स्मृतीवर त्या पिढीने प्रयोगशाळा चालवल्या, कारखान्यांतील यंत्रे नियंत्रित केली आणि वृत्तपत्रे जुळवली.

वृत्तपत्रांचा उल्लेख मुद्दाम केला. पीडीपी-८ चे ‘टाइपसेट-८’ नावाचे एक रूप केवळ मुद्रणासाठी विकले जाई. बातमीच्या मजकुराच्या ओळी दोन्ही कडांना समान करणे आणि ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडायचा ते ठरवणे, हे कुशल जुळाऱ्याचे काम तो करी आणि छिद्रांकित फीत तयार करून देई. ती फीत ओळी ओतणाऱ्या यंत्राला दिली जाई. जुळाऱ्याच्या बोटांतील आणि डोळ्यांतील ज्ञान नियमांत बांधण्याचा हा आरंभीचा उद्योग. त्याचे परिणाम जगभरच्या छापखान्यांतील कामगारांना पुढे भोगावे लागले.

लघुसंगणकाच्या उपयोगांचा विस्तार पाहिला की थक्क व्हायला होते. आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेले ‘अर्पानेट’ १९६९ मध्ये सुरू झाले, तेव्हा संदेशांची ने-आण करणारी यंत्रे हनीवेल कंपनीचे लघुसंगणकच होते. त्याच साली अमेरिकेतील नीमन मार्कस या श्रीमंती दुकानाने आपल्या सूचिपत्रात हनीवेलचाच एक लघुसंगणक ‘स्वयंपाकघरातील संगणक’ म्हणून १०,६०० डॉलरला देऊ केला. पाककृती साठवणे हे त्याचे काम. त्याच्याशी संवाद साधायचा तर दिव्यांच्या आणि खटक्यांच्या भाषेत. असा एकही संगणक एखाद्या स्वयंपाकघरासाठी विकला गेल्याचा पुरावा नाही, यात नवल नाही. यंत्र घरात न्यावे ही इच्छा तयार होती. घरातल्या माणसाची भाषा यंत्राला यावी ही व्यवस्था तयार नव्हती.

ती व्यवस्था कोठून आली, हे पाहताना साहित्याच्या अभ्यासकाला एक तपशील विशेष अर्थपूर्ण वाटेल. बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये एका टाकाऊ झालेल्या पीडीपी-७ यंत्रावर ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली रचायला घेतली. त्यांना नवे यंत्र हवे होते, पण नुसत्या कार्यप्रणालीच्या संशोधनासाठी पैसे मिळेनात. तेव्हा मजकूर-संपादनाची व्यवस्था तयार करू, असे आश्वासन देऊन १९७० मध्ये पीडीपी-११ हे नवे यंत्र मिळवण्यात आले. बेलच्या पेटंट विभागाला अर्ज लिहायचे असत. त्यांचे दीर्घ मसुदे पुनःपुन्हा सुधारावे लागत आणि त्यांतील ओळींना क्रमांक द्यावे लागत. १९७१ च्या उत्तरार्धात पेटंट विभागाचे तीन टंकलेखक युनिक्सवर दिवसभर मसुदे लिहू लागले. ज्या प्रणालीचे वंशज आज विद्यार्थ्यांच्या खिशातील भ्रमणध्वनींत आहेत, तिचा पहिला खरा उपयोग लेखन हा होता. संगणकाचा इतिहास गणिताच्या अंगाने सांगितला जातो. तो मसुद्याच्या अंगानेही सांगता येतो, असे आम्ही म्हणतो ते याच आधारावर.

युनिक्सच्या आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या असतात. त्याचे कारण असे सांगितले जाते की त्या काळी यंत्राशी बोलण्याचे साधन होते टेलिटाइप. त्याच्या कळा जड, आणि छपाईचा वेग सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे. त्याच्या सर्वाधिक प्रचलित नमुन्यावर इंग्रजीची लहान अक्षरेही नव्हती. सारे मोठ्या अक्षरांत. साधन शैलीला कसे घडवते याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल. तारेच्या दराने तारेची भाषा घडवली, तसे टेलिटाइपच्या संथपणाने एका सबंध व्यवसायाची अल्पाक्षरी बोली घडवली.

भारतातील कथा याच सुमारास सुरू होते आणि तिचा आरंभ मुंबईत होतो. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात १९६९ मध्ये ‘टीडीसी-१२’ हा बारा बिटांचा संगणक तयार झाला. नावातील ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे. पुढे हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने, म्हणजे ‘ईसीआयएल’ने, त्याचे उत्पादन केले, १९७४ मध्ये टीडीसी-३१२ आणि १९७५ मध्ये सोळा बिटांचा टीडीसी-३१६ आला. परदेशी यंत्र आयात करायचे तर परवान्यांची आणि परकीय चलनाची चणचण. देशी यंत्र घ्यायचे तर संख्या मोजकी. या कोंडीत १९७८ साल महत्त्वाचे ठरले. परकीय भागभांडवलाची मर्यादा घालणाऱ्या १९७३ च्या कायद्याला अनुसरण्याऐवजी आयबीएम कंपनीने त्या वर्षी देश सोडला. आणि त्याच सुमारास लघुसंगणकांच्या उत्पादनाचे क्षेत्र सरकारने खाजगी उद्योगांना खुले केले. एचसीएल, डीसीएम, ओआरजी अशी नावे पुढे आली.

आणि आले विप्रो. या कंपनीचा जन्म १९४५ साली खानदेशातील अमळनेरला झाला तो वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून. मराठी वाचकाच्या मनात अमळनेर म्हटले की साने गुरुजी उभे राहतात. प्रताप हायस्कूलचे वसतिगृह आणि तत्त्वज्ञान मंदिर आठवते. त्याच गावातील तेलाच्या कारखान्याच्या पोटातून ऐंशीच्या दशकाच्या आरंभी देशी लघुसंगणक निघावा, ही गोष्ट आपल्या सांस्कृतिक इतिहासात कोठे नोंदलेली आढळत नाही. गावाची एक ओळख आपण जपली आणि दुसरी अर्थशास्त्रवाल्यांकडे सोपवली.

दुसरा दुवा पुण्याचा. अमेरिकेतील डेटा जनरल ही कंपनी ‘डेक’मधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी १९६८ मध्ये काढलेली. तिचे लघुसंगणक भारतात आणण्याचे काम पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स करी. पटनीमधून बाहेर पडलेल्या नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली. १९८३ मध्ये कंपनी बंगळुरूला गेली आणि तिने पहिला मोठा संगणक घेतला तो डेटा जनरलचा बत्तीस बिटांचा ‘एमव्ही/८०००’. साहित्याच्या अभ्यासकाने हे नाव लक्षात ठेवावे, कारण हे यंत्र एका पुस्तकाचा नायक आहे. ते तयार करणाऱ्या तरुण अभियंत्यांची धडपड, त्यांची जागरणे, त्यांचे हेवेदावे ट्रेसी किडर यांनी ‘द सोल ऑफ अ न्यू मशीन’ या १९८१ च्या पुस्तकात सांगितले आणि १९८२ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. कादंबरीच्या तंत्राने सांगितलेली ती सत्यकथा आहे. आपल्याकडे मात्र तुर्भ्याच्या किंवा हैदराबादच्या यंत्रांभोवतीच्या माणसांना असा निवेदक लाभला नाही. कामगारजीवनाचे, गिरण्यांचे साहित्य मराठीत आहे. संगणकाच्या पहिल्या पिढीतील श्रमाचे साहित्य शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

सामान्य भारतीयाला लघुसंगणक प्रत्यक्ष भेटला तो आगगाडीच्या खिडकीवर. १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत आरक्षणाची जी संगणकीय व्यवस्था सुरू झाली ती सीएमसी या सरकारी कंपनीने रचलेली होती आणि ‘डेक’च्या व्हॅक्स-११/७५० या यंत्रांवर चालत होती. एकच यंत्र आणि त्याला जोडलेली अनेक टर्मिनले. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट. पूर्वी प्रत्येक गाडीची वही निराळी आणि रांगही निराळी असे. संगणकाने नोकऱ्या जातील ही बँका आणि विमा कार्यालयांतील कर्मचाऱ्यांची भीती निराधार नव्हती. परंतु रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने पाहता या यंत्राने एक साधे, लोकशाही काम केले, हेही नमूद केले पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : लिपीचे काय झाले? बारा बिटांच्या कप्प्यात सहा-सहा बिटांची दोन अक्षरे बसवण्याची तेव्हा रीत होती. सहा बिटांत ६४ चिन्हे होतात : इंग्रजीची मोठी अक्षरे, अंक, विरामचिन्हे, संपले. पुढे सात बिटांची ‘आस्की’ संहिता रूढ झाली. तिच्यात १२८ जागा. देवनागरीची नुसती बाराखडी मांडली तरी छत्तीस गुणिले बारा, म्हणजे ४३२ रूपे, जोडाक्षरे निराळी. खिळ्यांच्या काळातही हाच पेच होता आणि त्यावरचे उपाय लिपीला कातरण्याचे होते. टिळकांनी खिळे कमी करण्याचा यत्न केला; सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली; टंकयंत्राने अर्ध्या अक्षरांना काने जोडून भागवले. या सर्व उपायांत यंत्र स्थिर होते आणि वाकायचे ते लिपीने.

संगणकावर हा संबंध उलटा करता येतो, हे आयआयटी कानपूरमधील संशोधकांनी दाखवून दिले. १९८३ मध्ये तेथे देवनागरी संगणकाचा नमुना तयार झाला आणि तेच काम ‘जिस्ट’ या नावाने १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढले. त्यामागचे तत्त्व आपल्या व्याकरणपरंपरेला परके नाही. अक्षराची आकृती साठवायची नाही, उच्चार साठवायचा. आकृती काढणे हे यंत्राचे काम. ‘कि’ लिहिताना आपण पहिली वेलांटी आधी काढतो, परंतु उच्चारात ‘क्’ आधी आणि ‘इ’ नंतर. यंत्रात क्रम उच्चाराचा राहील, डोळ्यांना दिसेल तो लेखनाचा. अशी मांडणी केली की मोजक्या चिन्हांत सारी जोडाक्षरे मावतात, आणि ब्राह्मीकुळातील सर्व लिप्यांना एकच संहिता पुरते. हीच ‘इस्की’ संहिता. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी तिच्याच १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे.

येथे लघुसंगणकाच्या रचनेचा एक उपकार मान्य करायला हवा. मुख्य यंत्र एक आणि त्याला जोडलेली टर्मिनले अनेक, अशी ती रचना होती. त्यामुळे ‘जिस्ट’च्या टर्मिनलांना एक मार्ग मोकळा झाला : मुख्य यंत्र आणि त्यावरील आज्ञावल्या जशाच्या तशा ठेवायच्या आणि टर्मिनललाच देवनागरी शिकवायची. दूरच्या यंत्राला आपण मराठी साठवतो आहोत याचा पत्ताही नसे.

पुढे व्यक्तिगत संगणक आले आणि लघुसंगणकाचे युग झपाट्याने ओसरले. ‘डेक’मध्ये एके काळी लाखाहून अधिक माणसे काम करीत, १९९२ मध्ये ओल्सेन पायउतार झाले आणि १९९८ मध्ये ती कंपनी व्यक्तिगत संगणक बनवणाऱ्या कॉम्पॅकने विकत घेतली. डेटा जनरल १९९९ मध्ये ईएमसीच्या पोटात गेली. मराठीपुरते बोलायचे तर या स्थित्यंतरात आपण एक पाऊल मागे आलो. नव्वदीतील अक्षरजुळणीच्या बहुतेक फाँटांनी उच्चार साठवण्याचे तत्त्व सोडले आणि पुन्हा आकृत्या साठवल्या, तेही प्रत्येक कंपनीने आपापल्या क्रमाने. त्या दशकात जुळवलेली असंख्य मराठी पुस्तके, नियतकालिके, प्रबंध आज संगणकीय रूपात असूनही तो फाँट हाताशी नसेल तर वाचता येत नाहीत. खिळ्यांनी छापलेले शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक आपण उघडून वाचतो; तीस वर्षांपूर्वीची धारिका उघडली की निरर्थक चिन्हांचा ढिगारा दिसतो.

ही केवळ तांत्रिक हानी नाही. उद्या नव्वदोत्तरी साहित्याचा पाठचिकित्सक अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला छापील प्रतीच्या मागचा मजकूर हवा असेल, तेव्हा तो या ढिगाऱ्यापाशी अडेल. त्याला अर्थ लावायचा असेल तर कोणती लिपी कोणत्या यंत्रावर कशी बसवली गेली, हे जाणावे लागेल. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला मोडी शिकावी लागते, तसेच हे. पाठचिकित्सेच्या अभ्यासक्रमात या विषयाला एखादे प्रकरण मिळावे, आणि ज्यांनी तुर्भे, कानपूर, पुणे येथे ही यंत्रे प्रत्यक्ष चालवली त्यांच्या आठवणी ते हयात असतानाच लिहून घ्याव्यात, असे आम्ही सुचवू इच्छितो. शिळाप्रेसचा इतिहास आपण शंभर वर्षे उशिरा लिहायला घेतला. या यंत्राच्या बाबतीत तेवढा अवधी आपल्यापाशी नाही.